छातीचा पट्टा, पर्वतीच्या पायऱ्या आणि बिलिंगची खिडकी: आठ महिने वापरून

हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा मी गेल्या जूनच्या शेवटी घेतला. आता फेब्रुवारी संपत आलाय. कंपनीचं नाव देत नाही, कारण या जातीचे सगळेच पट्टे बनावटीने जवळपास सारखे असतात आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही चांगल्या पट्ट्याला लागू पडेल. किंमत मात्र सांगते, साडेपाच हजार. आमच्या घरात ही रक्कम सहज खर्च होत नाही, म्हणून घेण्याआधी महिनाभर विचार केला होता.

आकडे कोणाचे आहेत ते आधी कळायला हवं. माझं वय ४६. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात बिलिंगच्या खिडकीत बसते, त्याला एकोणीस वर्षं झाली. डॉक्टरांनी डिस्चार्ज सकाळी दहाला लिहिलेला असतो आणि विम्याची कॅशलेसची मंजुरी दुपारी चार-पाचपर्यंत येत नाही. तोवर पेशंटचे नातेवाईक माझ्या काचेसमोर उभे. त्यांचा राग मला कधी खोटा वाटला नाही. घरचं माणूस आजारी, रात्रभर जागरण, गावाकडची एसटी चुकलेली. पण असा राग दिवसातून पाच-सहा वेळा अंगावर घ्यायचा म्हटलं की शरीर त्याचा हिशेब ठेवतंच. संध्याकाळी घरी येऊन कुकर लावताना माझी छाती धडधडायची. दुपारी दोनला झालेली वादावादी रात्री अकराला पुन्हा पहिल्यापासून डोक्यात सुरू व्हायची. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, सगळं करून झालं आणि सगळं नीट निघालं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "हृदय चांगलं आहे, पण तुमच्यात दमच उरलेला नाही. रोज थोडा दम लागेल असं काहीतरी करा, सहा महिने करा, आणि मग धडधडीचं काय झालं ते मला सांगा."

धडधड घालवायची तर मुद्दाम धडधड करून घ्यायची, हे तेव्हा माझ्या पचनी पडेना. म्हणून ठरवलं, मोजायचंच.

मनगटावरचं घड्याळ माझ्याकडे होतं. ते कातडीत हिरवा उजेड सोडतं आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणारा उजेड कमी-जास्त होतो, त्यावरून ठोके ओळखतं. खुर्चीत बसलेलं असताना ते बरं चालतं. स्कूटरचं हँडल घट्ट धरलं आणि खालून खड्ड्यांचे हादरे बसले की मात्र त्याचा अंदाज पार चुकतो. दांडेकर पुलाच्या सिग्नलला नुसती उभी होते तर घड्याळ म्हणे मिनिटाला १४१. मानेवर बोट ठेवून मोजले तर ८८ भरले. छातीचा पट्टा थेट हृदयाची वीज पकडतो, ईसीजीचं तत्त्व तेच. त्यामुळे एकेक ठोका आणि दोन ठोक्यांमधलं अंतरसुद्धा मिळतं. बिनतारी पट्टा फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८२ साली बाजारात आणला, म्हणजे ही काही परवाची युक्ती नाही. चाळीस वर्षं खेळाडूंनी घासूनपुसून तपासलेली वस्तू आहे.

पहिला पट्टा ऑनलाइन मागवला आणि फसले. खोका चिकटपट्टीने परत बंद केलेला, पट्ट्याच्या आतल्या बाजूला कोणाच्यातरी घामाचे पांढरे डाग. परत पाठवून पैसे मिळवायला सतरा दिवस गेले. मग कॅम्पातल्या एका खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने दोन मापांचे पट्टे काढले आणि दुकानातल्या बाईंना माझ्याबरोबर आत पाठवून घालून बघायला सांगितलं. मला मधलं माप बसलं. हे घालून बघणं फार महत्त्वाचं आहे, विशेषतः बायकांना. पट्टा ब्राच्या खालच्या कडेच्या लगेच खाली यायला लागतो. सैल राहिला तर पायऱ्या चढताना घसरतो आणि घट्ट झाला तर श्वास पुरेसा घेता येत नाही. दोन बोटं जेमतेम आत जातील इतका बसला पाहिजे.

आता पर्वती, म्हणजे पुण्यातली देवळाची टेकडी. आमचं घर लक्ष्मीनगरला, तिथून पायथा सात मिनिटांवर. पायऱ्या १०३, दगडी, रुंद, पुढे थोड्या उतरत्या. एका पायरीला दोन पावलं टाकावी लागतात, त्यामुळे जिन्यासारखी लय सापडत नाही. पहाटे पावणेसहाला तिथे पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं धावत वर जातात आणि त्यांच्या शेजारून नऊवारीतल्या आजी जप करत एकेक पायरी चढत असतात. माझ्या पहिल्या दिवशी त्या आजी माझ्याआधी वर पोचल्या होत्या. मी वरच्या देवदेवेश्वराच्या देवळाच्या अंगणापाशी पोचून मटकन बसणार, तेवढ्यात रोज येणारे एक काका म्हणाले, "ताई, बसू नका. हळूहळू चालत राहा, आपोआप खाली येईल." काकांना पट्ट्यातलं काही माहीत नव्हतं, पण त्यांनी सांगितलं ते बरोबर होतं. मोजायची रीतही मी तशीच ठेवली. वर पोचल्या क्षणी आकडा बघायचा, अंगणात एक मिनिट संथ चालायचं, परत आकडा बघायचा.

पहिल्या आठवड्यात वर पोचले की १६२ आणि मिनिटाने १४९. म्हणजे मिनिटभरात फक्त तेरा ठोके उतरले. माझ्या वयाला कमाल ठोके किती? २२० वजा वय हे जुनं सूत्र १७४ सांगतं, २०८ मधून वयाच्या सात दशांश वजा करायचं नवं सूत्र १७६. दोन्ही सरासरी माणसाची आहेत, एखाद्याचा आकडा दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडेतिकडे असतो. तरी १०३ पायऱ्यांना १६२ म्हणजे मी माझ्या कमाल आकड्याच्या बरीच जवळ पोचत होते. आज त्याच पायऱ्यांना, त्याच वेगाने, १४६ लागतात आणि एका मिनिटात ते ११८ वर येतात. उतार अठ्ठावीस ठोक्यांचा.

मला स्वतःला या उताराचं फार अप्रूप वाटतं आणि पट्टा घेण्याचं खरं कारणही माझ्या मते तेच आहे. माझा भाचा फिजिओथेरपी शिकतो, त्याने समजावून सांगितलं. व्हेगस नावाची नस मेंदूतून निघून हृदयापर्यंत येते आणि ठोक्यांना सतत लगाम घालून ठेवते. चढायला लागलं की आधी तो लगाम सैल होतो, मग अॅड्रेनलिनची टाच बसते. थांबल्यावर पहिल्या मिनिटात ठोके उतरतात ते मुख्यतः ही नस पुन्हा लगाम ओढते म्हणून. व्यायामाने ही ओढ बळकट होते. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी १९९९ साली दाखवून दिलं होतं की ट्रेडमिलच्या तपासणीनंतर पहिल्या मिनिटात बारा किंवा त्याहून कमी ठोके उतरणाऱ्या रुग्णांना पुढच्या सहा वर्षांत मृत्यूचा धोका जास्त होता. तो आकडा ट्रेडमिलचा, दवाखान्यातला. माझ्या पायऱ्यांना तो तसाच्या तसा लावता येत नाही आणि तुम्हीही लावू नका. पण तेराचे अठ्ठावीस होताना बघितले आणि रोज पहाटे उठायला मला दुसऱ्या कोणी सांगावं लागलं नाही.

तीच नस आणि तोच लगाम खिडकीतही कामाला येतो का, हे मला बघायचं होतं. म्हणून सोमवारी आणि शुक्रवारी, सर्वांत गर्दीच्या दिवशी, पट्टा कुर्त्याच्या आत घालून कामावर जायला लागले. फोन ड्रॉवरमध्ये आणि आलेख घरी जाऊन बघायचा.

जुलैतला एक सोमवार सांगते. इंदापूरकडचे एक गृहस्थ, आईला घरी न्यायचं होतं. मंजुरी आली पण अठरा हजार कापून. त्यात हातमोजे, सिरिंज, गाऊन असं विमा कंपनी देत नाही ते सगळं. ते काचेवर हात आपटून म्हणाले, "ओ ताई, दहा वाजल्यापासून उभा आहे मी. तुमच्या हातमोज्यांचे पैसे मी का भरायचे?" मागे पंधरा माणसं. मी कागद उलगडून एकेक ओळ समजावायला लागले आणि साधी बेरीज दोनदा चुकले. संध्याकाळी आलेख उघडला. ते यायच्या आधी बसल्या जागी ८४, त्यांच्यासमोर १२७. ते पैसे भरून दोनला गेले. माझे ठोके पूर्वीच्या आकड्याच्या दहाच्या आत यायला चौतीस मिनिटं लागली. त्या चौतीस मिनिटांत मी आणखी चार बिलं केली होती आणि मला वाटत होतं की मी शांत झालेय.

१२७ ठोके पर्वतीवर असतात तेव्हा मांड्या ते रक्त ओढून घेत असतात. साखर जळते, घाम येतो, सगळं कामी लागतं. खुर्चीतल्या १२७ ला गिऱ्हाईकच नसतं. रक्त धावतं, साखर रक्तात उतरते आणि पाय टेबलाखाली स्वस्थ. शरीराने पळायची तयारी केली आणि माणूस बेरीज करत बसला. हा आलेख बघेपर्यंत मी याचा कधी विचारच केला नव्हता.

आणि समोर कोणी बघत असताना हिशेब करणं हाच केवढा ताण असतो, हेही भाच्याकडूनच कळलं. जर्मनीतल्या ट्रिअर शहरात संशोधकांनी १९९३ मध्ये ताण निर्माण करायची एक चाचणी बसवली, ती अजून जगभर वापरतात. चेहऱ्यावर काहीही न दाखवणाऱ्या परीक्षकांसमोर पाच मिनिटं बोलायचं आणि मग त्यांच्यासमोरच मोठ्याने वजाबाकी करायची, १०२२ मधून तेरा, परत तेरा, परत तेरा. चुकलं की पहिल्यापासून. मी ऐकतच राहिले, कारण हे तर माझं रोजचं काम. झुरिकमध्ये २००७ साली अव्वल खेळाडू आणि व्यायाम न करणारे पुरुष अशा दोन गटांना या चाचणीला बसवलं, तर खेळाडूंचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात शरीर सोडतं ते संप्रेरक, आणि ठोके दोन्ही कमी वाढले. पण सगळे अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. २००६ मध्ये बऱ्याच अभ्यासांची गोळाबेरीज करणारे दोन लेख आले. एकाचं म्हणणं, ताणात तंदुरुस्त माणसाच्या ठोक्यांची उसळी लहान असते. दुसऱ्याचं म्हणणं, उसळी उलट किंचित मोठीच असते. सावरण्याच्या बाबतीत मात्र दोघांचा कल एकच, तंदुरुस्त माणूस लवकर पूर्वपदावर येतो.

माझ्या आलेखातही तेच दिसलं. याच महिन्यातल्या शुक्रवारी जवळपास तसाच प्रसंग आला, मंजुरी रखडलेली, वडिलांना न्यायला आलेल्या बाई, आवाज चढलेला. आधी ७२, मग ११८. उसळी शेहेचाळीसची, जुलैपेक्षा तीन जास्तच. पण पूर्वीच्या आकड्याच्या दहाच्या आत यायला अकरा मिनिटं पुरली. जुलै-ऑगस्टमधले असे चौदा प्रसंग मी वहीत लिहिलेत, त्यांत सावरायला सरासरी अर्धा तास लागायचा. जानेवारी-फेब्रुवारीतल्या अकरा प्रसंगांत बारा मिनिटं. म्हणजे मला राग येतो, भीती वाटते, हात गार पडतात, हे सगळं आहे तसंच आहे. आता ते येतं आणि निघून जातं. पुढच्या माणसासमोर मी मागच्या माणसाची धडधड घेऊन बसत नाही.

याचं सगळं श्रेय पायऱ्यांना देणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. पहाटे उठायचं म्हणून रात्री दहाला झोपायला लागले, त्याचाही वाटा आहे. दुपारचा तिसरा चहा सुटला. आणि आलेख बघायची सवय लागल्यावर धडधडीची भीतीच कमी झाली, हाही फरक मोठा आहे. सकाळी उठल्या उठल्या मोजलेले ठोके ८२ वरून ६८ वर आले, हे मात्र मुख्यतः व्यायामाचं असं मॅडमही म्हणाल्या. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पर्वती, तळजाईची टेकडी आणि महिन्यातून एकदा आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड, असं करून मी १८० मिनिटांवर सप्टेंबरात पोचले. त्याआधी जमलं नाही. पावसात पायऱ्या शेवाळतात, तेव्हा जिद्द करू नका.

दिवाळीत एक चूक केली, ती लिहिते, कारण ती पट्ट्यामुळेच कळली. सुट्टी होती म्हणून रोज पाच फेऱ्या आणि वर तळजाई. आठव्या दिवशी सकाळचे ठोके ७० वरून ७८. झोप तुटक. कामावर गेले तर पुन्हा जुलैसारखी धडधड. व्यायाम हाही शरीराला ताणच, आणि तो खिडकीतल्या ताणाच्याच खात्यात जमा होतो. सहा दिवस नुसतं सारसबागेपर्यंत चालले, गणपतीला नमस्कार केला आणि परत आले. आकडा खाली उतरला. मोजत नसते तर मी आणखी जोर लावला असता.

आता वस्तूबद्दलच्या तक्रारी. पट्ट्याच्या आतल्या बाजूचे, ठोके पकडणारे दोन तुकडे कोरडे असले तर तो काहीच पकडत नाही. घालण्याआधी पाणी लावायचं, चांगलं सढळ हाताने. हिवाळ्यात पुण्याची हवा कोरडी होते, तेव्हा नायलॉनचा कुर्ता घातला की घर्षणाच्या विजेने आकडा एकदम २१० वर उडी मारतो. पहिल्यांदा मी घाबरून खाली बसले होते. सुती कुर्ता घाला, हा त्रास जातो.

मधला डबीसारखा भाग वापरून झाला की पट्ट्यापासून काढून ठेवायचा. ओल्या पट्ट्यावर तसाच लावून ठेवला तर तो चालूच राहतो. माहितीपुस्तिकेत हे बारीक अक्षरात आहे, मला कळेपर्यंत पहिला सेल सहा आठवड्यांत संपला. २०३२ नंबरचा बटण सेल लागतो, घड्याळवाल्याकडे मिळतो. बदलताना झाकणातली रबरी कडी नीट बसली आहे ना ते बघा, नाहीतर घाम आत जातो. पट्टा रोज साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवायचा, पिळायचा नाही. इतकं करूनही सातव्या महिन्यात त्याचं इलॅस्टिक ढिलं पडलं. हमी फक्त डबीची होती. नवा पट्टा पंधराशेला. हे दुकानदाराने घेतानाच सांगायला हवं होतं.

दिवसभर घातला की छातीखाली लाल वळ उठतो. एकदा माझी कातडी सोलली होती, म्हणून आठवड्यातून दोनच दिवस.

सोबतच्या अॅपवर माझी नाराजी आहे. ते रोज शंभरपैकी ताणाचा एक आकडा देतं. हा आकडा दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या चढउतारावरून काढलेला अंदाज आहे. कॉफी, ताप, अपुरी झोप, जिना, सगळ्यांनी तो बदलतो. कॉर्टिसॉल पट्ट्याला कळत नाही. ते ताणाच्या प्रसंगानंतर साधारण वीस-तीस मिनिटांनी रक्तात शिगेला पोचतं आणि मोजायला लाळेची किंवा रक्ताची तपासणी लागते. ज्या दिवशी मी मुलीच्या निकालाने आनंदात होते त्या दिवशी अॅपने मला "अतिताण" म्हणून लाल रंग दाखवला. मी तो कप्पा बंद करून टाकलाय. ठोक्यांचा कच्चा आलेख तेवढा बघते, आणि तो फुकटात मिळतो. महिन्याचे पैसे भरून मिळणारं काही घेऊ नका, गरज पडत नाही.

काही जणांनी हा पट्टा स्वतःच्या मनाने घेऊच नये. पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आमच्या विभागातले एक सर रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेतात. त्यांनी माझा पट्टा दोन दिवस वापरला आणि पायऱ्या चढूनही १०५ च्या वर जात नाही म्हणून खूश झाले. ते गोळीमुळे. गोळी ठोके फारसे वाढू देत नाही, अशा वेळी आकड्यावरून दम किती लागला हे ठरवता येत नाही. आणि छातीत दुखत असेल तर पट्टा बाजूला ठेवून आधी दवाखान्यात जा.

पाचपैकी चार तारे. एक इलॅस्टिकसाठी कापला.

माझ्या शेजारच्या खिडकीत बसणारी मैत्रीण सहा महिने माझे आलेख बघत होती. गेल्या रविवारी तिने पंधराशेचा पट्टा घेतला, डबी माझीच वापरायची असं ठरलंय. मंगळवार आणि गुरुवार तिचे. परवा पहिल्यांदा ती पर्वतीवर आली, वर पोचली तेव्हा १६८. मिनिटाने १५७. आम्ही दोघींनी तो आकडा तिच्या नव्या वहीत पहिल्या पानावर लिहिलाय, तारखेसकट.